एकोणीस आणि रोमन अंक

मुंबईच्या अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियापुढे उभे राहून मान वर केली, म्हणजे कमानीच्या माथ्याशी कोरलेला इंग्रजी लेख दिसतो. पाचवे जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवले त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली, अशा आशयाच्या त्या लेखात तारीख आणि महिना शब्दांत दिलेले असून सन मात्र पाच अक्षरांनी दर्शविला आहे: एम, सी, एम, एक्स आणि आय. काही वर्षांपूर्वी मी माझ्या दोन्ही भाच्यांना घेऊन तेथे गेलो असता, थोरलीने, जी त्या वेळी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करीत होती, तो लेख अस्खलितपणे वाचला आणि नेमकी या पाच अक्षरांपाशी येऊन ती थांबली. ‘मामा, हा कुठला शब्द?’ असे तिने विचारले, तेव्हा तो शब्द नसून आकडा आहे एवढेच मी सांगितले, आणि चौथीत शिकणाऱ्या धाकटीकडे वळून विचारले, ‘एकोणीस म्हणजे किती, सांग बरे?’ ‘विसाला एक कमी,’ ती म्हणाली. त्या एका उत्तराच्या आधाराने पुढच्या पाव तासात तिने तो सन स्वतःच सोडविला.

रोमन अंक मराठी माणसाला कठीण वाटावेत असे त्यांत खरोखरी काही नाही, ही माझी तेव्हापासूनची धारणा आहे. इंग्रजी शाळांतील मुलांना ज्या नियमाची घोकंपट्टी करावी लागते, म्हणजे लहान संख्या मोठीच्या आधी लिहिली असता ती वजा करावयाची, तो नियम आपण एकोणीस, एकोणतीस, पावणेदोन असे शब्द उच्चारताना जन्मभर पाळीत आलेलो असतो. तो आपल्या जिभेवर असतो, लेखणीवर उतरवावा एवढेच शिल्लक राहते. हा लेख त्यासाठी आहे. त्यात ती अक्षरे मी त्यांच्या इंग्रजी नावांनी, मध्ये लहान रेघ देऊन लिहिणार आहे. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ घेऊन प्रत्येक उदाहरण स्वतःच्या हाताने आकृतीत उतरवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण हे अंक नुसते वाचून कळल्यासारखे वाटतात, पण हाताने लिहिल्यावाचून ते अंगवळणी पडत नाहीत.

चिन्हे सारी सातच आहेत. आय म्हणजे एक. त्याची आकृती एक उभी रेघ. व्ही म्हणजे पाच. दोन तिरप्या रेघा खाली एकत्र मिळालेल्या. एक्स म्हणजे दहा. आपण चुकलेल्या उत्तरावर मारतो ती फुली. एल म्हणजे पन्नास. उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी उजवीकडे निघालेली आडवी रेघ. सी म्हणजे शंभर. उजवीकडे उघडी असलेली चंद्रकोर. डी म्हणजे पाचशे. उभ्या रेघेला उजवीकडे फुगलेले पोट. एम म्हणजे हजार. दोन उभ्या रेघांच्या मध्ये झुकलेला व्ही. यांपैकी पहिली तीन चिन्हे बोटांएवढी जुनी असावीत असे अनेक विद्वानांचे मत आहे: काठीवर मोजणीच्या खाचा पाडीत जावयाचे, दहाव्या खाचेवर आडवा छेद देऊन फुली करावयाची, आणि फुलीचा वरचा अर्धा भाग तो पाच. रोमन लोकांनी ही पद्धत त्यांचे शेजारी जे एट्रस्कन लोक त्यांच्याकडून उचलली, आणि शंभर व हजार यांची मूळची निराळी चिन्हे कालांतराने लॅटिन भाषेतील सेंटुम आणि मिले या संख्यावाचक शब्दांच्या आद्याक्षरांसारखी लिहिली जाऊ लागली. पाचशेचा डी हा हजाराच्या एका जुन्या चिन्हाचा उजवा अर्धा तुकडा होय. ही हकीकत ध्यानात ठेवली, म्हणजे दहाचा अर्धा पाच आणि हजाराचा अर्धा पाचशे ही जोडी विसरणे शक्य नाही.

सातांचा उतरता क्रम पाठ व्हावा म्हणून इंग्रजीत अनेक वाक्ये रचलेली आहेत. आपल्याला त्यांची गरज नाही. आपल्याजवळ एक सन आहे. शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले ते वर्ष १६६६. ते रोमन अंकांत लिहिले असता एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय असे होते, म्हणजे सातही अक्षरे, प्रत्येक एकदाच, आणि थोरापासून लहानापर्यंत तंतोतंत उतरत्या क्रमाने. हजार, पाचशे, शंभर, पन्नास, दहा, पाच, एक. बेरीज करून पाहावी, ती सोळाशे सहासष्टच येते. हे एक वर्ष ज्याला लिहिता आले त्याला सारी मुळाक्षरे आली असे समजावे. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी याखेरीज दुसरे काही देत नसे.

याच उदाहरणात पहिला नियमही आलेला आहे. चिन्हे मोठ्याकडून लहानाकडे उतरत असतील, अथवा सारखीच एकामागून एक येत असतील, तर त्यांची बेरीज करावी. आय-आय-आय म्हणजे तीन. व्ही-आय-आय म्हणजे सात. एक्स-व्ही म्हणजे पंधरा. एल-एक्स म्हणजे साठ. शिवजन्माचे १६३० हे वर्ष एम-डी-सी-एक्स-एक्स-एक्स, पानिपतचे १७६१ हे एम-डी-सी-सी-एल-एक्स-आय, पेशवाईच्या अस्ताचे १८१८ हे एम-डी-सी-सी-सी-एक्स-व्ही-आय-आय-आय. यात एवढे पथ्य पाळावे की आय, एक्स, सी आणि एम ही चार चिन्हे लागोपाठ तीनदाच येऊ शकतात, आणि व्ही, एल व डी यांची पुनरुक्ती कधीच होत नाही. त्याचे कारण उघड आहे, दोन पाच लिहावयाचे तर त्यांच्याऐवजी दहाचे चिन्ह तयारच असते.

आता दुसरा नियम, ज्याच्यापाशी लोक अडखळतात. चार लिहिताना चार उभ्या रेघा न ओढता पाचाच्या डावीकडे एक रेघ ओढावयाची, आय-व्ही, आणि वाचताना ‘एक उणे पाच’ असे समजावयाचे. नऊसाठी त्याचप्रमाणे आय-एक्स, एक उणे दहा. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबून स्वतःच्या बोलण्याकडे पाहावे. एकोणीस हा शब्द संस्कृतातील एकोनविंशति या शब्दापासून आलेला आहे. एक, ऊन, विंशति, म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या सर्वांची घडण तीच. अपूर्णांकांतही तोच प्रकार: सव्वादोन म्हणजे दोनांत पाव अधिक, पण पावणेदोन म्हणजे दोनांत पाव कमी, आणि पाऊणशे रुपये मोजून देणारा दुकानदार ती शंभरातील पंचवीसची वजाबाकी मनातल्या मनात, तिचे भानही न ठेवता करीत असतो. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकीचे पाढे म्हणून घेत, त्या पिढीला तर हा व्यवहार श्वासोच्छ्वासाइतका स्वाभाविक होता. लॅटिन भाषेची गोष्ट अशी की तिच्यातही एकोणिसाला ‘उंडेविगिंटी’ म्हणजे अक्षरशः ‘विसातून एक’ असाच शब्द आहे, आणि ती आपल्याही पुढे एक पाऊल जाऊन अठराला ‘दुओडेविगिंटी’, ‘विसातून दोन’, असे म्हणते. दोन भाषा, मध्ये हजारो कोसांचे अंतर, आणि मोजण्याची ही एकच लकब. मला हा योग नेहमी अतिशय हृद्य वाटत आला आहे.

वजाबाकीच्या जोड्या मात्र मनास येतील तशा करता येत नाहीत. त्या सहाच आहेत. आय फक्त व्ही आणि एक्स यांच्यापूर्वी येतो: चार आणि नऊ. एक्स फक्त एल आणि सी यांच्यापूर्वी: एक्स-एल म्हणजे चाळीस, एक्स-सी म्हणजे नव्वद. सी फक्त डी आणि एम यांच्यापूर्वी: सी-डी म्हणजे चारशे, सी-एम म्हणजे नऊशे. व्ही, एल व डी वजाबाकीसाठी कधीच वापरत नाहीत, आणि वजा करावयाचे चिन्ह एकापेक्षा अधिक वेळा लिहीत नाहीत.

आता मराठी माणसासाठी म्हणून जो खड्डा आहे तो दाखविणे माझे कर्तव्य आहे, कारण ज्या एकोणिसाने आपल्याला वाट दाखविली तोच आपल्याला त्यात पाडण्याचा संभव असतो. एकोणपन्नास लिहा असे सांगितले असता पुष्कळ हुशार मुले पन्नासाचा एल लिहून त्याच्या डावीकडे आय ओढतात आणि स्वतःवर प्रसन्न होतात. तर्क निर्दोष आहे, लेखन चूक आहे. आपली भाषा संपूर्ण पन्नासातून एक काढते. रोमन लेखन तसे करीत नाही, ते संख्येचे दशक आणि एकक आधी वेगळे करते, आणि वजाबाकी करावयाची ती त्या त्या घरापुरतीच करते. एकोणपन्नास म्हणजे चाळीस आणि नऊ. चाळीसचे एक्स-एल, नऊचे आय-एक्स, म्हणून एक्स-एल-आय-एक्स. एकोणतीस म्हणजे वीस आणि नऊ, एक्स-एक्स-आय-एक्स. खुद्द एकोणीस म्हणजे दहा आणि नऊ, एक्स-आय-एक्स. नव्व्याण्णवाच्या बाबतीत योगायोगाने आपली भाषाच आपल्याला सावरते, कारण तेथे आपण एकोणशंभर म्हणत नाही; नऊ आणि नव्वद असाच तो शब्द फुटतो, आणि रोमनमध्येही तेच, फक्त नव्वद आधी: एक्स-सी-आय-एक्स. मराठीत एकक आधी आणि दशक मागून उच्चारण्याची रीत आहे, त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतात; रोमन लेखनात मोठे घर सदैव पुढे असते, हा भेदही हात बसेपर्यंत जागरूकपणे सांभाळावा लागतो.

म्हणून लिहिण्याची माझी पद्धत अशी. एकं, दहं, शतं, सहस्र ही आपली जुनी उतरंड घ्यावी आणि संख्या घराघराने फोडावी. प्रत्येक घराला तीन चिन्हे वाट्याला येतात: त्या घराचा एक, त्या घराचा पाच, आणि पुढच्या घराचा एक. एककाला आय, व्ही, एक्स. दशकाला एक्स, एल, सी. शतकाला सी, डी, एम. या तिघांना आपण धाकटा, मधला आणि थोरला म्हणू. एकासाठी धाकटा एकदा, दोनासाठी दोनदा, तिनासाठी तीनदा. चारासाठी धाकटा आणि मग मधला. पाचासाठी एकटा मधला. सहा, सात, आठ यांसाठी मधला आणि त्याच्यामागे धाकटा एकदा, दोनदा, तीनदा. नवासाठी धाकटा आणि मग थोरला. नऊ पायऱ्यांचा हा एक पाढा पाठ केला की तीन पाढे आले, कारण तीनही घरांत रचना एकच, चिन्हे तेवढी निराळी. हजारासाठी एम जितके हजार तितक्या वेळा. रिकाम्या घरात काहीही लिहावयाचे नाही, कारण या पद्धतीत शून्यच नाही. १९०५ मध्ये दशकाचे घर मोकळे, म्हणून एम-सी-एम च्या पाठोपाठ एकदम व्ही.

भारताच्या स्वातंत्र्याचे वर्ष घेऊन पाहू. एक हजार: एम. नऊशे, धाकटा सी आणि थोरला एम: सी-एम. चाळीस, धाकटा एक्स आणि मधला एल: एक्स-एल. सात: व्ही-आय-आय. जोडून एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय. राज्याभिषेकाचे १६७४ हे एम-डी-सी-एल-एक्स-एक्स-आय-व्ही, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे १९६० हे एम-सी-एम-एल-एक्स. सर्वांत लांबलचक वर्ष येऊन गेले ते १८८८. त्याला तेरा अक्षरे लागतात, आणि ज्याला ते न चुकता लिहिता येईल त्याने आपली तयारी पुरी झाली असे खुशाल समजावे: एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय.

वाचताना याच क्रियेची उलटी चाल. डावीकडून निघावे, आणि प्रत्येक चिन्हापाशी त्याच्या उजव्या शेजाऱ्याकडे पाहावे. शेजारी समान किंवा लहान असेल तर चिन्हाची किंमत जमेस धरावी. शेजारी मोठा असेल तर ती दोन मिळून एक जोडी समजून पेन्सिलीने खाली कंस करावा. गेटवेच्या लेखात पहिला एम हजार. मग सी, त्याचा शेजारी एम मोठा, म्हणून जोडी, नऊशे. मग एक्स-आय, अकरा. सन १९११. त्या वास्तूचे उद्घाटन पुढे १९२४ साली झाले. कोरलेला सन हा इमारतीच्या पूर्ततेचा नसून बादशहांच्या आगमनाचा आहे, ही गोष्ट आकडा वाचता आल्याखेरीज कळत नाही. त्याच लेखात जॉर्ज या नावापुढे एकटा व्ही आहे, आणि तो ‘पाच’ असा वाचावयाचा नसून ‘पाचवा’ असा वाचावयाचा आहे. राजे, पोप, महायुद्धे, ऑलिंपिकचे सामने यांच्या नावांना जोडून आलेला रोमन अंक नेहमी क्रमवाचक असतो.

इथवर जे नियम सांगितले ते छापखान्यांच्या युगात स्थिरावलेले नियम आहेत. खुद्द रोमन लोक ते इतक्या कसोशीने पाळीत नसत, हे ठाऊक नसल्यामुळे जुन्या शिलालेखांपुढे उभे राहिलेला नवशिका माणूस दगडाला चूक ठरवून मोकळा होतो. रोममधील कलोसिअम या विशाल प्रेक्षागृहाला ऐंशी प्रवेशद्वारे होती आणि त्यांपैकी शहात्तरांवर क्रमांक कोरलेले होते, म्हणजे प्रेक्षकाने आपल्या बिल्ल्यावरचा अंक पाहून नेमक्या द्वाराने आत जावे. त्यातील चव्वेचाळिसाव्या द्वारावर एक्स-एल आणि पुढे चार उभ्या रेघा आहेत. चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने, एकाच संख्येत, एकाच पाथरवटाच्या छिन्नीने! इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात रोमन सैन्याचा जो सर्वनाश झाला त्यात पडलेल्या मार्कस सीलियस या सेनाधिकाऱ्याचा स्मारकशिला-लेख उपलब्ध आहे, आणि त्यावर त्याच्या अठराव्या पलटणीचा क्रमांक एक्स-आय-आय-एक्स असा आहे. दहा, आणि मग दोन उणे दहा. आज कोणी विद्यार्थ्याने असे लिहिले तर त्याचे गुण जातील. पण ‘दुओडेविगिंटी’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातून वजाबाकीचे दोन उतरले, यात नवल ते काय? ज्या कानाने शब्द ऐकला त्याच कानाने हाताला लिहिण्याची सूचना दिली असावी, असे मला तो अंक पाहून वाटते.

घड्याळांच्या तबकडीवर हा जुना स्वैरपणा आजही दृष्टीस पडतो. बहुतेक रोमन तबकड्यांवर चाराच्या जागी आय-व्ही नसून चार उभ्या रेघा असतात. याची कारणे अनेक सांगतात. समोरच्या बाजूला आठाचे रुंद चिन्ह असते, त्याच्याशी तोल साधावा हे एक. आणि तबकडीवरील अंकांचे पाय मध्याकडे असल्यामुळे खालच्या अर्ध्यातील अंक उलटे दिसतात, तेथे उलटा चार आणि उलटा सहा यांत गफलत होऊ नये हे दुसरे, जे मला अधिक पटते. लंडनच्या संसदभवनाच्या मनोऱ्यावरील सुप्रसिद्ध घड्याळात मात्र आय-व्ही आहे. मुलांना रोमन अंक घड्याळावरून शिकविणाऱ्या आईवडिलांनी हा चार अपवाद म्हणून प्रथमच सांगून टाकावा, नाहीतर मूल शाळेत तसेच लिहून येते आणि आपण खोटे ठरलो असे त्याला वाटते.

या विद्येचा आज उपयोग काय, असा प्रश्न येणे रास्त आहे. माझे वडील तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात कारकून होते, आणि रोमन अंक ही त्यांच्या दप्तरातील रोजची बाब होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या परिशिष्टातील आदेशांना इंग्रजी पाठात रोमन क्रमांक आहेत: एक्स-एक्स-आय हा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा, म्हणजे दरखास्तीचा, एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स हा तात्पुरत्या मनाईहुकुमाचा. एकदा एका पक्षकाराचा दावा गैरहजेरीमुळे निकाली निघाला, आणि तो पुन्हा नंबरावर घ्यावा म्हणून त्याने आय-एक्स म्हणजे नवव्या आदेशाखाली अर्ज दिला. नोंद करणाऱ्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल होऊन एक्स-आय झाले, आणि अकरावा आदेश कागदपत्रांच्या तपासणीचा असल्यामुळे तो अर्ज भलत्याच गठ्ठ्यात जाऊन पडला. वडिलांना तो सापडेपर्यंत दोन तारखा फुकट गेल्या होत्या. त्या रात्री त्यांनी मला समोर बसवून नऊ आणि अकरा, चार आणि सहा, चाळीस आणि साठ, नव्वद आणि एकशेदहा या जोड्या शंभर वेळा लिहावयास लावल्या. ती शिक्षा नव्हती. तो पक्षकार पाच कोसांवरून पायी येत असे, हे त्यांनी मला लिहिता लिहिता सांगितले होते. या चार जोड्यांचा अभ्यास मी आजही प्रत्येक नवशिक्याला सर्वांत आधी सुचवितो, कारण रोमन अंकांतील बहुसंख्य चुका तेथेच होतात.

न्यायालयाबाहेरही हे अंक पदोपदी भेटतात. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी पाठात भागांचे क्रमांक रोमन आहेत; तिसऱ्यात मूलभूत अधिकार, चौथ्यात राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे. १९७६ च्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा जो भाग घातला गेला तो आय-व्ही च्या पुढे ए हे अक्षर लावून दाखविला आहे, आणि त्या ए ला रोमन अंक समजून त्याची किंमत शोधणारे लोक मी पाहिले आहेत. तो केवळ ‘चार-क’ असा पोटविभाग आहे. इंग्रजी ग्रंथांच्या प्रस्तावनेची पाने लहान लिपीतील रोमन अंकांनी दर्शवितात, म्हणजे मुख्य ग्रंथाची पृष्ठसंख्या पहिल्यापासून स्वतंत्र राहते. रसायनशास्त्रात लोहापुढे कंसात आय-आय आणि आय-आय-आय लिहून त्याच्या संयुगांतील भेद सांगतात. जुन्या वैद्यकीय चिठ्ठ्यांत औषधाच्या मात्रेचा शेवटचा आय शेपटी देऊन जे सारखा लिहीत, ज्यामुळे मागाहून कोणी आणखी एक रेघ वाढविल्यास ती लागलीच ध्यानात यावी. युरोपातील सुतारही घराच्या तुळया आणि सांधे यांवर याच खुणा करीत, कारण पटाशीने सरळ रेघ मारणे सोपे आणि वळणदार आकडा कोरणे कठीण.

हिशेब मात्र या अंकांनी करू नये. रोमन लोकही करीत नसत. ते मोजणीच्या पाटीवर खडे मांडून बेरीज-वजाबाकी करीत आणि उत्तर तेवढे अंकांत टिपून ठेवीत. खड्याला लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणतात, आणि गणिताच्या एका थोर शाखेला तेच नाव मिळाले आहे. चिन्हाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरावी आणि रिकाम्या स्थानासाठीही एक चिन्ह असावे, ही आपल्या देशात परिणत झालेली कल्पना त्यांच्याजवळ नव्हती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात शून्यासह गणिताचे नियम सांगितले; ते अंक अरबांच्या हातून पश्चिमेकडे गेले, आणि पिसा नगरच्या लिओनार्डोने, ज्याला फिबोनाची म्हणतात, १२०२ मध्ये आपल्या ग्रंथात ते भारतीयांचे अंक म्हणून युरोपापुढे मांडले. तरीही फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली होती. जुन्या अंकांवरचा लोकांचा विश्वास असा सहजासहजी ढळत नाही, आणि दगडावर, मुकुटावर, कायद्याच्या परिशिष्टावर तो अजून उभा आहे.

३९९९ च्या पलीकडील संख्यांसाठी अंकावर आडवी रेघ देऊन त्याची हजारपट दर्शविण्याची पद्धत होती. व्ही वर रेघ म्हणजे पाच हजार. आपली शिरोरेषा पाहण्याची सवय असल्यामुळे ही रेघ मराठी डोळ्याला शोभेची वाटण्याचा संभव आहे, म्हणून जुन्या ग्रंथांत तिच्याकडे बारकाईने पाहावे. सतराव्या शतकातील काही छापील पुस्तकांत हजाराच्या जागी सी, आय आणि उलटा सी अशी तीन चिन्हे मिळून एकच आकडा केलेला असतो, तोही एम असाच वाचावा. अपूर्णांकांसाठी रोमन लोक बारा भाग मानीत, जसा आपला रुपया सोळा आण्यांचा होता तसा त्यांचा ‘अस’ बारा उन्शियांचा. प्रत्येक भागाला एक टिंब आणि अर्ध्यासाठी एस हे अक्षर. व्यवहारात याची गरज पडणार नाही, परंतु एखाद्या वस्तुसंग्रहालयात नाण्यावर एस किंवा टिंबे दिसली तर ती काय आहेत हे कळण्यापुरते एवढे पुरे.

आता वाचकांनी पुढील चार संख्या वर सांगितलेल्या रीतीने, घरे फोडून, कागदावर लिहाव्यात आणि मगच खाली पाहावे: ४४४, ९४९, १८५७ आणि १९०९. धाकट्या भाचीला मी गेटवेपुढील कठड्यावर बसून याच चार दिल्या होत्या, आणि ९४९ लिहिताना तिने आधी एकोणपन्नास म्हणून आय-एल लिहिले, मग स्वतःच खोडून दुरुस्त केले. उत्तरे ताडून पाहण्यासाठी देतो: ४४४ हे सी-डी-एक्स-एल-आय-व्ही, ९४९ हे सी-एम-एक्स-एल-आय-एक्स, १८५७ हे एम-डी-सी-सी-सी-एल-व्ही-आय-आय, आणि १९०९ हे एम-सी-एम-आय-एक्स.